वेगवान व्हा, २१ दिवसांत!
ऑटोक्रॉसच्या होतकरू वीरांसाठी वऱ्हाडी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

अमरावतीच्या राजकमल चौकातला सिग्नल हिरवा व्हायच्या आधी ज्याचा हॉर्न वाजतो आणि हिरवा झाल्यावर ज्याची गाडी बंद पडते, त्या प्रत्येकासाठी. प्रश्न एकच आहे: पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूल लावलं, तर शर्यतीतले सेकंद कमी होतात का? उत्तर शेवटी दिलं आहे. मधले धडे गाळून तिकडे उडी मारणाऱ्यांनी वळणावर तरी असं करू नये.

साहित्य

छोटी कार, एक. हेल्मेट, एक. सीट बेल्ट (गाडीत असतोच, फक्त लावायचा). रिकामी डिकी, सरकीच्या ढेपेची पोती आधी उतरवून घ्यावीत. कढीचा गंज, एक. आजी, एक.

धडा १: खेळ समजून घ्या

मोकळं मैदान, त्यावर मांडलेले शंकू, एका वेळी एकच गाडी आणि समोर घड्याळ. सगळ्यांत कमी सेकंद घेणारा जिंकला. शंकू पाडला तर दंडाचे सेकंद वरून. आपल्याकडे हा खेळ बहुतेक मातीच्या मैदानावर होतो. स्पर्धा मान्यताप्राप्त असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना काढावा लागतो. मैदान सोडून हाच प्रकार बडनेरा रोडवर केला, तर त्याला ऑटोक्रॉस म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात.

खेळ परका वाटत असेल तर आजोबांना विचारा. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, त्यांनी पाहिलेली असते. कित्येक पटांत जोडी घड्याळाशीच धावते आणि हारजीत सेकंदाच्या तुकड्यांवर ठरते. तेव्हा वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. फक्त बैलांच्या जागी बोनेट आलं आहे आणि धुरकऱ्याच्या जागी तुम्ही.

धडा २: शाळा निवडा

शाळा दोन प्रकारच्या. पहिली गल्लीतली. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे खासगी गाडीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं. गाडीला पुढे-मागे लाल 'एल', आणि डावीकडच्या मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक, वेगळा क्लच. पहिले आठ दिवस गाडी तेच चालवतात, तुम्ही फक्त स्टीअरिंग धरून खूश असता.

दुसरी शाळा शर्यतीची. तिच्यासाठी सहसा कोइंबतूर किंवा चेन्नई गाठावं लागतं. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन १९९२ मध्ये फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला होता. ज्याला जन्मजात म्हणतात तोही शाळेत गेला, हे आपल्या मित्रमंडळींना सांगून पाहा. "आपल्याले काय शिकोते बे कोनी?" हे उत्तर आलं, की त्या मित्राचं नाव स्पर्धेत तुमच्या आधी घाला. मन शांत राहतं.

धडा ३: ब्रेकशी ओळख करून घ्या

नवशिक्याचा समज असा, की वेग ॲक्सिलरेटरमध्ये असतो. दोन्ही शाळांचे मास्तर हा समज पहिल्याच दिवशी मोडतात. गल्लीतले मास्तर म्हणतात, "काऊन भाऊ, ब्रेक काय पूजेले ठेवला काय?" शर्यतीचे मास्तर तेच जरा लांबवून सांगतात.

गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. गाडी थांबवणं, वळवणं आणि पळवणं, तिन्ही कामं त्या चार तळहातांकडून करून घ्यायची असतात. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो. भर वळणात घाबरून ब्रेक आणि स्टीअरिंग एकदम आवळलं, की टायर हात वर करतो आणि गाडी सरळ शंकूंच्या भेटीला जाते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत मारायचा. वळणात शिरताना गप्प राहायचं, आणि चाकं सरळ होऊ लागली की मग पाय द्यायचा. हे सगळं काळ्या मातीवर. ती कोरडी असली तर धूळ, आणि ओली असली तर चिखलातला प्रत्येक टायर पाच किलोने जड झाल्यासारखा वाटतो.

धडा ४: नजर लांब टाका

जिथे पाहाल तिथे गाडी जाते. शंकूकडे पाहिलं तर शंकूवरच जाते. म्हणून या शंकूजवळ पोचायच्या आधी नजर पुढच्या शंकूवर गेलेली असावी. शर्यतीआधी मैदान पायी फिरून घ्यावं. पायी फिरताना फोनमध्ये पाहू नये. त्या फेरीत वळण पायाला कळतं, आणि नंतर गाडीतही पायच लागतो.

धडा ५: तुतारी खाली ठेवा

हा धडा सगळ्यांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शंकरपट बंद पडले. १६ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयाने महाराष्ट्रात अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता नियमाने काठी नाही, चाबूक नाही, टोचणारी तुतारी नाही. तरीही जोडी धावते, आणि जिंकते ती तयारीची. ज्या जोडीशी धुरकऱ्याची वर्षभराची ओळख असते, जी सरळ सुटते, तीच पुढे निघते.

तुमची तुतारी म्हणजे तुमचा उजवा पाय. दर दोन सेकंदांनी तो गाडीला टोचतो, मग दचकून ब्रेकवर जातो, मग पुन्हा टोचतो. आवाज पुष्कळ होतो. घड्याळ आवाज मोजत नाही.

धडा ६: कढीचा प्रयोग

तीन वेळा विश्वविजेता झालेला जॅकी स्ट्युअर्ट बोनेटवर उथळ वाडगा ठेवायचा आणि त्यात चेंडू. चेंडू बाहेर न पडता गाडी चालवून दाखवायची. आपल्याकडे आजीच्या मांडीवर कढीचा गंज ठेवावा. साडीवर पहिला थेंब पडताच धडा सुरू होतो. ब्रेक धक्क्याने न मारता आधी हलका, मग घट्ट, आणि सोडतानाही हळूच. आजीचे शब्द शिव्या समजू नयेत. शर्यतीच्या शाळेत त्यांनाच अभिप्राय म्हणतात.

धडा ७: हिशेब

हाताशी पैसे आले की आधी मोठा सायलेन्सर घ्यावासा वाटतो. हात आवरावा. शाळेची फी भरून जे मिळतं, ते पुढच्या गाडीतही सोबत येतं. सायलेन्सर जुन्या गाडीसोबत विकला जातो.

परीक्षा

अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या महामार्गावर, लोणी ते माना, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात गेली. या भागात वेगाचा विक्रम आधीच रस्त्याने केलेला आहे, तुम्ही त्या नादी लागू नये. वेगमर्यादा पाळून अकोल्याहून निघा. आजी मागे, गंज मांडीवर. मूर्तिजापूरपर्यंत आजी बोलत राहील, पुढे तिचा डोळा लागेल.

आता उत्तर. होय, शाळेने सेकंद कमी होतात. शाळा काही नवं बसवत नाही. पायातली घाई तेवढी काढून घेते, आणि सेकंद त्या घाईतच अडकलेले असतात. मैदानावर हे घड्याळ सांगेल. घरासमोर गाडी उभी राहिल्यावर आजी सांगेल. ती डोळे चोळत बाहेर पाहील, गंजावरचं झाकण उचलून कढी तपासेल आणि विचारेल, "आं? आली बी अमरावती?"

उत्तीर्ण.