बत्ताशाचं नाक कोणी पुसलं?

"अगं मंजिरी, जरा कुंपणाशी ये. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. तुमचा ससा बदललात की काय?"

"नाही हो काकू. बत्ताशाच आहे तो."

"मग त्याचं नाक कोणी पुसलं? संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले होते, तेव्हा कोळशात तोंड खुपसल्यासारखं दिसत होतं. आता बघ, नुसतं तपकिरी. कोपऱ्यावरच्या वहिनी तर म्हणत होत्या, दुकानदारानं रंग लावून गळ्यात मारलाय."

"वहिनींना सांगा, रंग त्याचा स्वतःचाच आहे. हिमालयन जातीचा ससा हा. अंग पांढरं, डोळे लाल, आणि नाक, कान, पाय, शेपटी तेवढी काळी."

"अगं पण मग तो उडाला कसा? तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस ना, सांग की."

"केसाला काळेपणा देतं ते मेलॅनिन. ते बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं. या सशांत त्या विकराच्या जनुकातच फरक असतो, त्यामुळे त्याला उष्णता सोसत नाही. सशाच्या अंगाचं तापमान असतं साडेअडतीस ते चाळीस अंश. एवढ्या उबेत ते विकर काम टाकतं आणि केस पांढरे येतात. कान-नाक-पाय गार राहतात, तिथे ते कामाला लागतं."

"गारव्यात काम आणि उकाड्यात रजा! आमच्या ह्यांना बारा महिने रजाच. बरं, मग काल पाऊस पडून गार झालंय, आता नाक काळं व्हायला हवं."

"असं लगेच नाही होत. बाहेर आलेल्या केसाचा रंग ठरून गेलेला असतो. मुळाशी केस वाढत असताना कातडी किती गार होती, त्यावर सगळं. डिसेंबरात पिंजरा मागच्या ओट्यावर होता. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा उगवलेले केस काळेभोर आले. पुढे ते झडले आणि नवे आले एप्रिल-मेच्या उकाड्यात. आज दिसतोय तो रंग उन्हाळ्याचा आहे, काकू. आत्ताच्या गारव्याचा रंग पुढचे केस आले की दिसेल."

"म्हणजे उधारीचा हिशेब. आणि ऊन लागून नाही ना उडालं?"

"उन्हानंही काळे केस तांबूस होतात. पण हा दिवसभर घरातच असतो."

"आणि पाठीवर का नाही येत काळं?"

"येतं की! पाठ्यपुस्तकातला जुना प्रयोग आहे. पाठीवरचे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधून ठेवली, तर तेवढ्या जागी काळे केस उगवतात."

"आमच्या नातवासमोर बोलू नकोस हो. तो बर्फ लावून पाठीवर बदाम काढायला बसेल."

"खबरदार! पिल्लांचंही असंच असतं. पहिली लव फुटताना घरटं गारठलं, तर पांढऱ्या अंगावर राखाडी झाक येते. पुढे केस बदलले की जाते."

"मग याला थोडं गारठवलंस तर? दिसायला छान दिसत होता गं काळ्या नाकाचा."

"रंगासाठी नाही गारठवायचं. नाक फिकं झालं म्हणून घाबरायचंही नाही. खातोय का, लेंड्या टाकतोय का, ते बघायचं. ससा खायचा थांबला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. खरा त्रास त्याला उन्हाळ्याचा. आपल्यासारखा घाम येत नाही त्याला, अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. म्हणून उन्हाळाभर पंख्याखाली होता."

"थांब थांब. हे फक्त सशांतच?"

"नाही, सयामी मांजरांतही. रशियातल्या इलीन यांनी त्यांच्यावरचे असे प्रयोग १९३० साली छापले होते. सयामीची पिल्लं आईच्या पोटातल्या उबेत वाढतात, म्हणून पांढरी जन्मतात. गारव्यात राहणारी मांजरं अंगानंही काळवंडतात."

"अस्सं! समोरच्या बंगल्यातली मांजर सयामीच ना गं? आणली तेव्हा सायीसारखी होती. या उन्हाळ्यात पाठीपर्यंत काळवंडलीय. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिची मालकीण म्हणे, 'आम्ही एसी लावतच नाही, लोड आमच्यामुळे नाही वाढत!'"

"काकू, वय वाढलं तरी सयामी मांजर काळवंडते हं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

"वय गं कसलं, अडीच वर्षांची तर आहे. पुढच्या मीटिंगला मी काही बोलणार नाही. फक्त विचारणार, मांजर फार काळी झाली नाही का हो?"