'पार्ट आला की कळवतो' म्हणणाऱ्या साहेबांस

आदरणीय सर्व्हिस अॅडव्हायझर साहेब,



कंपनीचं पत्र हातात पडून चार महिने झाले. स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता आहे, तो क्वचित प्रसंगी तुटू शकतो, जवळच्या वर्कशॉपमध्ये तो मोफत बदलून मिळेल, असा मजकूर. आमच्या जवळचं वर्कशॉप म्हणजे तुमचं. इथूनच माझे ग्रह फिरले.

पहिल्या फेरीत पार्ट नव्हता. दुसऱ्या फेरीत आला होता, पण डाव्या बाजूचा. माझा पाहिजे होता उजवा. तिसऱ्या फेरीला तुम्ही जेवायला गेला होतात. तुमच्या पोराने मात्र गाडी रॅम्पवर चढवली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं, आणि आतून टक्-टक् असा आवाज आला. पोराने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात तुम्ही दात कोरत आलात आणि म्हणालात, "काही होत नाही, हळू चालवा."

चालवतो ना! साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा सोडला की ते 'एस' वळण येतं. स्टिअरिंग फिरवल्यावर चाकाला ओढतो-ढकलतो तो हाच रॉड. तो तुटला की स्टिअरिंग आपल्या हातात आणि चाक स्वतःच्या मर्जीत. तिथे मागून कंटेनर हॉर्न देत असताना तुमचं 'हळू चालवा' फार आठवतं.

एक मात्र मान्य करायला हवं, तुमच्याकडून रिकाम्या हाताने कधी परतलो नाही. एसीची सफाई झाली, इंजिनाला पॉलिश झालं, टेफ्लॉन कोटिंग झालं. टेफ्लॉनचा साठा संपल्याचं कधी ऐकलं नाही बुवा! दुसऱ्या फेरीत तर तुम्ही त्या संशयित रॉडवरच व्हील अलाइनमेंट करून पैसे लावलेत. रॉड बदलला की अलाइनमेंट पुन्हा करावी लागते, हे मला शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. तुम्हाला ठाऊक नसेल असं कसं म्हणू? ज्या कामाचं बिल शून्य, ते रांगेत शेवटी, एवढं गणित मलाही कळतं.

जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या टाय रॉडपायीच परत बोलावल्या. २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के-१० गाड्या स्टिअरिंगच्या गिअरबॉक्ससाठी बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असं मालकांना सांगितलं. माझी गाडी यांपैकी नाही, पण ते वाचून वाटलं, निदान सरळ सांगितलं तरी.

कायदाही आहे म्हणे. १ एप्रिल २०२१ पासून सरकार सात वर्षांपर्यंतच्या सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. 'पार्ट आला की कळवतो' या वाक्याला मात्र दंड नाही. अभिनंदन!

माझ्या मेव्हण्याचं तर आणखी निराळं. त्याने गाडी सेकंड हँड घेतली, त्यामुळे कंपनीचा निरोप पहिल्या मालकाकडे गेला. आरसी बुकातला सतरा अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, तेव्हा कळलं की त्याचंही स्टिअरिंग यादीत आहे. तोही आता तुमच्याकडेच येतोय. डावा रॉड त्याच्यासाठी राखून ठेवा, त्याला डावाच पाहिजे.

काल तुमच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "सर, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती मार्क द्याल? दहाच द्या हं सर, नाहीतर आम्हाला बोलणी बसतात."

मी म्हटलं, "पार्ट आला की कळवतो."

आपला,
जॉब कार्ड अजून उघडंच असलेला एक ग्राहक