बत्ती लागायच्या आत

आमच्या सोसायटीतल्या नानांचे लाईटहाऊसच्या फोटोंचे अल्बम चाळले तर काकूंची पाठ अख्ख्या कोकणपट्टीवर पोचलेली दिसते. रत्नागिरी, कोर्लई, आग्वाद, सगळीकडे. चेहरा मात्र एकाही फोटोत नाही. त्यामागे शास्त्र आहे. लाईटहाऊस किती उंच ते फोटोत कळायला पायथ्याशी माणूस उभं हवं, आणि त्याचा चेहरा दिसला की बघणारा चेहऱ्याकडेच बघतो. म्हणून काकूंनी बुरुजाकडे तोंड करून उभं राहायचं, हात सरळ, पदर वाऱ्याने उडू न देता. "अहो, झालं का?" असं त्या भिंतीला विचारतात आणि मागून "हलू नकोस" असं उत्तर येतं. मुलीने एकदा आईचा एखादा चांगला फोटो मागितला, तर नाना तासभर शोधून म्हणाले, "अंबाडा छान आलाय असा एक आहे."

नाना बँकेत होते. चेकवरची सही ताडून बघण्यात हयात गेल्यामुळे असेल, पण सरळ उभ्या रेघेवर त्यांचा फार जीव. आता लाईटहाऊसचा फोटो काढताना कॅमेरा थोडा जरी वर उचलला तरी बुरुज मागे झुकतो; दुपारचं जेवण अंगावर येऊन आरामखुर्चीत रेलल्यासारखा दिसतो. नानांना हे सहन होत नाही. मग ते मागे सरकतात. आणखी मागे. आंब्याच्या बागेत, कुणाच्या तरी अंगणात, सुकत घातलेल्या सोड्यांपर्यंत. बुरुज सरळ होतो तेव्हा तो नखाएवढा झालेला असतो आणि काकू दिसतच नाहीत. मग पुन्हा पुढे.

या छंदातली खरी गोम वेगळीच आहे, आणि ती कळल्यावर मला नानांबद्दल आदर वाटू लागला. लाईटहाऊस बघायला सोडतात ते बहुधा संध्याकाळी, थोडा वेळ. तिकीट काढा, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे भरा, वर्तुळाकार जिना चढा. बरं, वर गेल्यावर काय दिसतं? पडदे. भिंगं इतकी ताकदवान असतात की दिवसा ऊन उलट शिरून एका ठिकाणी गोळा झालं, तर आतला दिवाच भाजून निघेल. म्हणून काचघराला दिवसभर पडदे. "एवढे जिने चढून पडदेच बघायचे," काकू दम खात म्हणाल्या होत्या, "तर आमच्या दिवाणखान्यातले काय वाईट होते?" नानांनी त्यावर फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सुरू केली. एकच जाडजूड भिंग न घडवता काचेच्या कड्या एकाभोवती एक बसवून तेच काम कमी काचेत कसं साधायचं, हे त्याने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. जुन्या लाईटहाऊसांत तर टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवायचे. बोट लावलं तरी फिरायचं. हे सगळं नाना पडद्याकडे बघून सांगत होते.

आणि मग सूर्य बुडतो. आभाळ गर्द निळं होतं. फोटोवाले ज्या वीस मिनिटांसाठी जीव टाकतात, ती वीस मिनिटं सुरू होतात. पडदे निघतात, दिवा लागायची वेळ येते, आणि नेमक्या त्याच क्षणी खालून हाक येते, "चला साहेब, बंद करायचंय." म्हणजे लाईटहाऊस जोवर नुसता चुन्याचा खांब असतो तोवर तुम्ही आत, ते लाईटहाऊस झालं की तुम्ही फाटकाबाहेर. नानांनी याविरुद्ध अर्ज, विनंत्या, हापूसची पेटी, सगळं करून पाहिलं. बत्तीवाले सज्जन असतात. पेटी घेत नाहीत आणि थांबूही देत नाहीत.

एका ठिकाणच्या बत्तीवाल्याने उलट नानांनाच गळ घातली. "साहेब, माझा एक काढा ना, गावी पाठवतो." बिचारा टोपी नीट करून दारात उभा राहिला. नानांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि म्हणाले, "जरा डावीकडे. अजून. तुमच्यामागे 'स्थापना' लिहिलेली पाटी झाकतेय." तो सरकत सरकत चौकटीच्या बाहेर गेला. फोटो सुरेख आला. पाटीचा.

नानांचं सगळ्यात जुनं प्रेम खांदेरी. थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं बेट. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथे तटबंदी उभारली, ही गोष्ट इतर कुणीही होडीत तासभर रंगवून सांगेल. नाना ती एका वाक्यात उरकतात. त्यांना 1867 गाठायची घाई असते, कारण तिथलं अष्टकोनी लाईटहाऊस त्या साली झालं. आज त्याचं नाव कान्होजी आंग्रे दीपगृह. ज्या सरखेलाला इंग्रज समुद्री लुटारू म्हणून शिव्या घालायचे, त्याचं नाव इंग्रजांनी बांधलेल्या बत्तीला लागलं, हा आपल्या इतिहासातला मला सर्वात आवडणारा सूड आहे. नानांना आठ कोनांपैकी कुठल्या कोनावर ऊन आहे याचीच पडलेली असते. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आली. सोसायटीत पेढे वाटले गेले. नाना पेढा खाऊन उदास. "आता चौकटीत माणसं येणार."

माणसं तशीही येतातच. बेटावर एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड मारला की भांड्यासारखा खणखणतो. आलेला प्रत्येक जण वेताळाच्या पाया पडून तो वाजवतो. नाना तिपाईवर श्वास रोखून उभे आणि मागे ठण्ण. "कंप येतो हो फोटोत!" हे ते इतक्या कळवळून म्हणतात की एका पोराने माफी मागून दगड हळूच वाजवला. तेवढ्यात होडीवाला हाकारतो, "चला काका, पानी उतरतंय." बत्ती लागायला अजून अवकाश असतो. होडीवाला थांबत नाही, कुणासाठीच.

म्हणून खांदेरीचा पेटता दिवा नानांनी थळच्या वाळूतूनच टिपायचा. रात्री ते अंधाराकडे तोंड करून पुटपुटत उभे असतात: एक, दोन, तीन, चार. प्रत्येक लाईटहाऊसची उघडझाप ठरलेली, दोन झोतांमधलं अंतर मोजून खलाशी ओळखतो की हे अमुकच. पण किनाऱ्यावर शतपावली करणाऱ्या मंडळींना ते ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, म्हातारा जप करतोय. एका बाईंनी पाठमोऱ्या नानांना नमस्कारही केला.

भरती-ओहोटीसाठी नाना मोबाईल उघडत नाहीत. कोळ्यांचं गणित त्यांना तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. त्यामुळे आमच्या सोसायटीत अमावस्येची आतुरतेने वाट पाहणारे ते एकटेच. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला समुद्र पार आत गेलेला, खडक उघडे, आणि वर कोवळा प्रकाश.

याचा कळस मुलीच्या लग्नाच्या बैठकीत झाला. कार्य अलिबागला करायचं ठरलेलं. गुरुजींनी पंचमी काढली. नानांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "पंचमी... भरती पावणेचार. म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. दहाच्या उन्हात काय येणार? सगळं पांढरंफटक." व्याही चहाचा कप हातात धरून ऐकत होते. त्यांना वाटलं, नवऱ्या मुलाच्या रंगाबद्दल चाललंय. नाना पुढे सरसावून म्हणाले, "मी म्हणतो, त्यापेक्षा आधीची अमावस्या काय वाईट आहे?"

गुरुजींनी पंचांग मिटलं. विहीणबाईंनी पदर सावरला. काकू मात्र सवयीच्या आवाजात म्हणाल्या, "पंचमीच लिहा. आणि फोटोवाला बाहेरचा सांगा, मला यंदा तोंड दाखवायचंय."