अडीच टनांचा गारवा

गैरसोय हौसेनं विकत घ्यायची आणि मग ती दूर करायला दुप्पट पैसे मोजायचे, हा माणसाचा जुना छंद आहे. अमेरिकेत या छंदाचा दणदणीत नमुना म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला एम-३५ ट्रक. १९५०च्या सुमाराला रिओ कंपनीनं घडवलेला, दहा टायरांचा, आडरानात अडीच टन माल ओढणारा. व्हिएतनाममध्ये तो घामाघूम झाला, दशकानुदशकं राबला आणि मग लिलावात स्वस्तात निघाला.

टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओला, माझा भाचा राहतो. त्याच्या निवृत्त शेजाऱ्यानं असा एक ट्रक आणून दारात उभा केला. या ट्रकला किल्ली नसते. एक खटका फिरवायचा, बटण दाबायचं. बंद करायला दांडा ओढायचा. इंजिन ७.८ लिटरचं आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत अगदी बिनतक्रार: डिझेल घाला, रॉकेल घाला, विमानाचं इंधन घाला, ते आपलं चालतं. केबिनला छप्पर म्हणून ताडपत्री. हिवाळाभर शेजारी खुशीत होता. मे महिना आला आणि त्यानं एसी बसवायचं ठरवलं.

"अरे, मग त्यानं सरळ एसीचीच गाडी का नाही घेतली?" मी फोनवर विचारलं.

"आहे ना मामा! तिच्यातूनच तो ट्रकचं सामान आणायला जातो."

सगळ्यांसारखी त्यानंही सुरुवात कॉम्प्रेसरपासून केली. कॉम्प्रेसर हे दिसणारं, मिरवण्यासारखं यंत्र. ते इंजिनाच्या पट्ट्यावर चालतं, म्हणजे आधी पट्ट्यासाठी पुली हवी आणि कॉम्प्रेसर धरून ठेवायला जाड लोखंडी ब्रॅकेट हवं. या इंजिनावर एसी बसेल असं मूळच्या अभियंत्यांच्या मनातही आलं नव्हतं, त्यामुळे ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याकडून मापानं करून घ्यावं लागतं. मग वीज. बाजारातले मोटारींचे तयार एसी बहुतेक १२ व्होल्टचे आणि ट्रकची सगळी वीज २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या. दोघींपैकी एकीवरूनच एसी चालवला, तर ती बिचारी रिकामी होत राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन बिघडते. दोन सुनांच्या घरात राहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. कन्व्हर्टर तरी लावा, नाहीतर बस आणि अवजड वाहनांसाठी मिळणारं २४ व्होल्टचं सामान तरी आणा.

एवढं सगळं जमलं. गॅस भरला. कूलिंग कॉइलमधून खरोखर गार वारा आला आणि आला तसा निघून गेला. पेडल जिथून खाली उतरतात तिथे फटी, दाराभोवती फटी, वर ताडपत्री आणि पायांखाली तापलेला पत्रा. गारवा तयार करणं हे अर्धंच काम. तो धरून ठेवायला खोली लागते, आणि या ट्रकला खोली नव्हतीच. मग टणक छप्पर आलं, दारांना नवी रबरं आली, जमिनीवर उष्णतारोधक शीट आली. कॉइलवर साचणारं पाणी बाहेर सोडायला नळी आली. ती नसेल तर शेजारी बसणाऱ्याचे गुडघे भिजतात. छप्पर पांढरं रंगवावं, हा सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र त्यानं ऐकूनही घेतला नाही. ऑलिव्ह हिरव्या ट्रकवर पांढरं छप्पर म्हणजे दुधाची गाडी, आणि त्यासाठी का कुणी लिलावात बोली लावतं?

यात लष्कराची चूक आहे असंही नाही. उघड्या केबिनला वारा पुरतो, असा त्यांचा साधा हिशेब होता. इराकमध्ये लष्कराच्या हम्व्ही गाड्यांवर चिलखत चढलं, काचा जाड होऊन बंद राहू लागल्या, तेव्हा आत एसीही आला. बंद पेटीला एसी लागतो, उघड्या गाडीला लागत नाही. आमचा शेजारी उघडी गाडी घेऊन तिची पेटी करत बसला होता.

त्यात एक गंमत राहिली. या इंजिनाच्या काही टर्बोंना शिट्टी वाजवायची सवय असते. हौशी लोक असा ट्रक मुद्दाम शोधतात, त्याला 'व्हिसलर' म्हणतात. शेजाऱ्याचा ट्रक व्हिसलरच निघाला. आता काच लावली की शिट्टी दबते, काच उघडली की गारवा जातो. भाचा सांगतो, गल्लीतून निघताना काच खाली असते आणि हमरस्त्याला लागल्यावर वर जाते. शिट्टी लोकांसाठी, गारवा स्वतःसाठी. मला ही वाटणी पटते.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ट्रक हौसेनं नव्हे, पोटासाठी चालवणाऱ्यांना तो मिळायला फार उशीर झाला. पण लष्कराच्या डिस्पोजलमधला जबलपूरचा जुना शक्तिमान ट्रक किंवा जोंगा जीप जे कुणी पोरासारखी सांभाळत असतील, त्यांना तो नियम लागू नाही. त्यांनी आपलं आपण बघायचं. त्यांना एवढंच सांगणं: आधी दाराची रबरं बदला, जमिनीच्या फटी बुजवा, छपराला आतून अस्तर लावा. कॉम्प्रेसर सर्वांत शेवटी. आणि काचा उघड्या टाकूनच फिरायचं असेल, तर तो घेऊच नका.