मस्तकाची मोजणी

ठाणे जिल्ह्यातील स्त्रियांच्या केसांचा ऱ्हास नेमका कोणत्या तारखेपासून सुरू झाला, असे मला कोणी शपथेवर विचारले, तर मी १६ एप्रिल १८५३ ही तारीख सांगेन. कारण त्या दिवशी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास जाऊन भिडला, आणि कालांतराने डोंबिवली नावाच्या एका खेड्याचे असे काही नगर झाले, की तेथील बरीचशी वस्ती सकाळी दाराशी लोंबकळत मुंबईस जाते आणि संध्याकाळी तशीच लोंबकळत परत येते. दाराशी घोंघावणारा वारा, शेजारणीच्या पर्सच्या साखळीत गुंतणारी बट, पाठीवरून ओघळणारा घाम आणि घरी परतल्यावर स्वागतास सिद्ध असलेले टँकरचे जड पाणी, अशा चौफेर वेढ्यात सापडलेला केस टिकतोच कसा, याचे मला नवल वाटते.

आमच्या नातीचा टिकत नव्हता. कंगव्यात निघालेले पुंजके पुराव्यादाखल दाखल करून तिने एके रविवारी दरखास्त मांडली, की सबंध डोक्यावर कातडीलगत बारीक बारीक वेण्या गुंफाव्यात, टोके आत दडवावीत आणि महिनाभर कंगव्यास मस्तकाच्या हद्दीत येण्याची मनाई करावी. ही विद्या मूळची आफ्रिकेतील. तेथील दाट कुरळा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो व रोजच्या विंचरण्याने तुटतो. म्हणून त्याला वेणीच्या नजरकैदेत ठेवून त्याचे रक्षण करावयाचे, असा त्यामागील विचार. गुलामांच्या जहाजांतून हीच विद्या अमेरिकेस गेली आणि तेथील कचेऱ्यांच्या व शाळांच्या डोळ्यांत इतकी खुपली, की केशरचनेवरून कोणास नोकरी नाकारता येणार नाही, असा कायदा २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यास करावा लागला. आमच्याकडे तशा कायद्याची निकड नाही. केसांवरून आमच्याकडे नोकरी जात नाही, स्थळ जाते.

ठाण्यास राम मारुती रस्त्यावरच्या एका पार्लरमध्ये चौकशी करता जो आकडा ऐकू आला, त्याने घरातील सर्व मतभेद मिटले आणि हे काम घरातच, म्हणजे माझ्या हातून, व्हावे असे ठरले. मी भूमी अभिलेख खात्यातील सेवानिवृत्त भूकरमापक असल्यामुळे सरळ रेषा हा माझा वंशपरंपरागत हक्क आहे, अशी घरात समजूत आहे. मीही मस्तक हा एक गट नंबर कल्पून कपाळापासून मानेपर्यंत सारख्या क्षेत्राचे पोटहिस्से पाडावयाचे आणि हिश्शाहिश्शांत सरळ बांध राखावयाचा, या तत्त्वाने शेपटीच्या कंगव्याची दांडी हाती घेतली. परंतु टाळू हा डोंगराळ मुलूख आहे. कपाळाशी समांतर निघालेले दोन बांध मानेशी येईतो एकमेकांस मिठी मारीत, डाव्या कानाचे क्षेत्र उजव्याकडे सरके, आणि मला मनातल्या मनात कमी-जास्त पत्रक तयार करावे लागे. शिवाय सबंध नोकरीत मी मोजलेली कोणतीही जमीन मोजणी चालू असता मोबाइलवर बोलत नव्हती.

“आजोबा, तुम्ही नुसता भांग पाडा, गुंफायचं मी बघते,” असे नातीने दोनदा सुचविले. पण स्वतःच्या मस्तकाचा मागचा भाग पाहण्याची सोय विधात्याने कोणालाच करून दिलेली नाही. त्यात आमच्या कुटुंबाने हरकत घेतली, की तेल लावल्यावाचून वेणीला हात लावायचा नाही. “अहो, कोरड्या केसांची वेणी कधी कोणी घातली आहे का?” या प्रश्नास उत्तर नव्हते, म्हणून तेल लागले. कुरळा केस केसास धरून राहतो. आमच्याकडचा सरळ केस मुळातच निसरडा, त्यात खोबरेल, त्यामुळे पेड घालावा तो सुटे. घट्ट ओढावा, तर निराळेच संकट. सतत ताण पडला, की कपाळावरचे व कानांजवळचे केस मुळांपासून खिळखिळे होतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले, तर पुन्हा उगवतही नाहीत, असे त्वचेचे डॉक्टर सांगतात. माझ्या बहिणींच्या लाल रिबिनींच्या वेण्या मला आठवतात. त्या इतक्या आवळलेल्या असत, की शाळेच्या वेळात त्यांच्या भुवया कायम आश्चर्यचकित दिसत.

दुसऱ्या दिवशी त्यांपैकीच एक, कल्याणच्या पारनाक्यावरची आमची अक्का, दारात आली आणि नातीकडे पाहून पायरीवरच थबकली. “अगं बाई, पोरीला जट आली की काय?” तिच्या लहानपणी जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले असे समजत, आज अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते समजूत घालून ती कापतात. तिचा गैरसमज दूर करण्यासाठी मी थेट कालिदासास साक्षीस बोलाविले. रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकावर, वर्षभराची शिक्षा भोगणाऱ्या यक्षाची पत्नी विरहाच्या पहिल्या दिवशी एक वेणी घालते आणि ती शाप सरेपर्यंत सोडीत नाही. तेव्हा बांधून ठेवलेल्या वेणीची परंपरा आपल्याकडेही पुरातन आहे, असे मी सप्रमाण मांडले. अक्काने ते शांतपणे ऐकले.

“तिची वेणी सोडायला तिचा नवरा यायचा होता,” ती म्हणाली. “हिची कोण सोडणार? तू?”

मग ती खुर्चीवर बसली, “बस गं अशी खाली,” म्हणून नातीस पुढ्यात घेतले, आणि माझे सर्व बांध एकेक करून मोडून टाकले. तिची बोटे चालू लागली, तसा मला पारनाक्यावरचा वाडा आठवला. तेथे दुपारच्या वेळी जिन्याच्या पायऱ्यांवर बायका एकीमागे एक बसत, प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत आणि प्रत्येकीचे केस मागचीच्या हातांत; सर्वांत वरच्या पायरीवर आजी, तिची वेणी घालणारे कोणी नसे, म्हणून तिचा नुसता बुचडा. तीनपेडी, पाचपेडी, खजुरी, सागरवेणी असे प्रकार त्या जिन्यावर शिकविले जात नसत. ते नुसते उतरत. तिघांच्या सदनिकेत जिना सोसायटीचा असतो, आणि त्यावर बसण्यास मनाई असते.

अक्काने घातलेली सागरवेणी आफ्रिकी नव्हती, पण डोक्यालगत होती, सैल होती आणि लोकलच्या वाऱ्यात चार दिवस हलली नाही. पुढे तिला रोज कल्याणहून बोलावणे शक्य नसल्यामुळे नातीने स्वतःच दुसरी व्यवस्था लावली. सकाळच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, जिथे भाजी निवडली जाते, गजरे ओवले जातात आणि नवरात्रात आरतीही होते, तेथे कल्याणला चढून जागा पटकावणारी एक परिचारिका ठाणे येण्याच्या आत तिची वेणी घालते आणि त्याबदल्यात घाटकोपरपर्यंत हिच्या डब्यातला शिरा खाते. केस तुटण्याचे प्रमाण कमी झाले आहे, असा नातीचा दाखला आहे.

ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल, त्यांना एवढेच सांगणे, की कानांजवळचे केस ओढू नयेत, तेलाचा वाद आदल्या दिवशीच मिटवावा, आणि घरात निवृत्त भूकरमापक असल्यास त्याला त्या दिवशी बँकेच्या कामास धाडावे.