चांद्याची हिमपुष्पे

ज्या शहरात वैशाखातल्या दुपारी नळाची तोटी सोडताच अंघोळीचे पाणी तापलेलेच हाती येते, त्या शहराच्या रहिवाशाने खिडकीच्या काचेवर उमटणाऱ्या हिमस्फटिकांचे छायाचित्रण करण्याची महत्त्वाकांक्षा बाळगावी, हे बुद्धिभ्रंशाचे लक्षण होय, असे आमच्या कुटुंबाचे मत असून ते त्यांनी माझ्या समक्ष, परोक्ष आणि एकदा तर भिशीच्या भरसभेत नमूद केलेले आहे. माझे मत निराळे आहे. तो बुद्धिभ्रंश नव्हता. तो निव्वळ मत्सर होता.

चंद्रपुरात ज्याच्यापाशी कॅमेरा आहे त्याच्यापाशी वाघ आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाले, आणि तेव्हापासून दंतवैद्य, वकील, सेवानिवृत्त नाझर अशा सर्व थरांतील गृहस्थांच्या दिवाणखान्यांत पाणवठ्यावर बसलेली वाघीण चौकटीत येऊन बसली. तोफेच्या नळीएवढी भिंगे, जिप्सीचे भाडे आणि पहाटेचा मोहर्लीचा दरवाजा या तिन्ही गोष्टी माझ्या निवृत्तिवेतनाच्या मर्यादेबाहेरच्या. शिवाय ज्या दिवशी मी अरण्यात जातो त्या दिवशी वाघ हक्काच्या रजेवर असतात. तेव्हा मोठ्या वस्तूंचा नाद सोडून मी लहान वस्तूंकडे वळलो, म्हणजेच मॅक्रो भिंग विकत घेतले, आणि जे या शहरात कोणाच्याच भिंतीवर नाही असे काही आपल्या भिंतीवर असावे, या उदात्त हेतूने हिमपुष्पांचा ध्यास घेतला.

या ध्यासाचा मूळ प्रेरक अमेरिकेतील व्हर्मॉन्ट संस्थानातला एक शेतकरी होता. विल्सन बेंटले त्याचे नाव. पंधराव्या वर्षी आईने त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला, त्याला त्याने कॅमेरा जोडला, आणि १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले, खिडकीवरची हिमनक्षी आणि दवबिंदूही सोडले नाहीत, आणि १९३१ च्या डिसेंबरात हिमवादळातून पायी घरी आल्यावर न्यूमोनिया होऊन तो वारला. हे चरित्र वाचून मला त्याच्या चिकाटीचा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो त्याच्या हवामानाचा.

काचेवर हिमपुष्पे फुलण्यास लागतेच किती? बाहेर शून्याखालील थंडी, आत माणसांचे श्वास आणि शेगडीवरची वाफ, मध्ये एकपदरी काच. की बाष्प पाणी होण्याची पायरी गाळून एकदम बर्फ होते, आणि एखाद्या ओरखड्याचा किंवा धूलिकणाचा आधार धरून नेच्याच्या पानासारखे पसरत जाते. पैकी ओरखडे, धूळ आणि श्वास या बाबी आमच्या घरी मुबलक. थंडी या एका बाबीचा पुरवठा मात्र वरूनच बंद.

येथे किंचित विषयांतर करणे मला प्राप्त आहे, कारण उन्हाविषयी बोलण्याची संधी सोडणारा चांदेकर अद्याप जन्मास यायचा आहे. उन्हाळा ही इतरत्र आपत्ती असते. आमच्याकडे तो मरातब आहे. पारा ४७ अंशांकडे झुकू लागला, की बाहेरगावचे आप्त काळजीने फोन करतात, आणि आम्ही, घामाने निथळत, ओला पंचा डोक्यावर, दारे-खिडक्या बंद, अशा अवस्थेत, जणू स्वतःच्या कर्तृत्वाने हे तापमान गाठले आहे अशा विनयाने, "हो, देशात पहिले आलो," असे उत्तर देतो. अकोला आणि जळगाव यांना आम्ही प्रतिस्पर्धी मानतच नाही. त्यांचे ऊन होतकरू आहे. खरा सल आहे तो ब्रह्मपुरीचा. आमच्याच जिल्ह्यातला एक तालुका, त्याने स्वतःच्या वेधशाळेच्या जोरावर एखाद्या सायंकाळी आमच्यावर दोन दशांशांनी मात करावी, यापरता गृहकलह नाही. त्या सायंकाळी आमच्या कट्ट्यावर जो विषाद पसरतो तो मी निवडणुकीच्या निकालानंतरही पाहिलेला नाही. कोणी तापमापकाच्या जागेविषयी शंका काढतो, कोणी झाडांच्या सावलीचा मुद्दा उपस्थित करतो, आणि एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक तर फेरतपासणीचा अर्ज करावा अशी सूचना दरवर्षी मांडतात व दरवर्षी ती एकमताने तहकूब होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली विभक्त झाली तेव्हा अरण्याचा केवढा तरी हिस्सा तिच्या पदरी गेला, त्याचे दुःख आम्ही गिळले. पण उन्हाचा सातबारा आमच्या नावे राहिला, हे समाधान ब्रह्मपुरी आता आम्हास सुखाने भोगू देत नाही. असो.

हिवाळ्यात हातपाय हलवून पाहिले नाहीत असे नाही. परंतु आमचा पारा आठ-दहा अंशांवर येऊन थबकतो. नागपुराने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत मजल मारली, पण काचेला त्याचे काय? पुण्याचे माझे साडू दर हिवाळ्यात महाबळेश्वराच्या वेण्णा तलावाकाठी मोटारींच्या टपांवर गोठलेल्या दवाची छायाचित्रे धाडतात, आणि खाली वेधशाळेचे किमान तापमान शून्याच्या बरेच वर असल्याचे आवर्जून कळवतात. यात चमत्कार नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत सुरक्षित बसतो. उघड्यावरचे गवत आणि पत्रा मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशाला वाहून टाकतात, जड गार हवा उतारावरून सखल भागात साचते, आणि तेथे दव गोठते. मी ही उपपत्ती साडूंना पत्राने सविस्तर कळवली. त्यांनी उत्तरादाखल आणखी एक छायाचित्र धाडले.

अखेरीस निसर्ग देईना ते रसायनाकडून घ्यावे असे ठरवून, एप्सम मिठाचा म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा संपृक्त द्राव काचेवर सारवला असता हिमनक्षीसारखे स्फटिक उमटतात, या ज्ञानाच्या बळावर मी औषधांच्या दुकानात गेलो. हे मीठ पूर्वीचे डॉक्टर रेचक म्हणून देत. मी अर्धा किलो मागितले.

"काकाजी," दुकानदार तरुण मृदू स्वरात म्हणाला, "किती दिवसांपासून तरास आहे?"

"खिडकीसाठी पाहिजे."

त्याने पुढे काही विचारले नाही. पुडकेही फार हळुवारपणे बांधले.

गरम पाण्यात मीठ विरघळवून, भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून, कुंचल्याने काचेवर फासले. आणि चांद्याच्या उन्हाने प्रथमच माझ्या कलेस हातभार लावला, कारण पाणी डोळ्यांदेखत उडाले व सुयांचे झुबके, पिसारे, चवऱ्या काचभर धावत सुटल्या. भिंग एवढे जवळ नेले की श्वासाने चित्र हलावे. पण दुपारी पाहतो तो स्फटिकांची पारदर्शकता जाऊन त्यांवर पांढुरकी कळा आलेली! या मिठाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. आमच्या कोरड्या हवेने त्यांच्याकडूनही वसुली सुरू केली होती.

तथापि सकाळची छायाचित्रे सुरेख होती. एक मोठे छापून, चौकटीत घालून, खाली 'हिमपुष्पे' एवढेच लिहून मी दिवाणखान्यात लावले आणि कट्ट्यावरील मंडळींना चहास बोलावले. मुख्याध्यापक विज्ञानाचे, केप्लरने १६११ साली हिमकणाला सहाच बाहू का, या प्रश्नावर आख्खी पुस्तिका लिहिली होती, हे सांगून त्यांनी माझ्या पिसाऱ्यात साठ अंशांचा कोन शोधला आणि तो न मिळाल्याने ते साशंक राहिले. दंतवैद्य मात्र विरघळले. "छान!" ते म्हणाले, "कोणत्या गेटने गेला होता?"

पाहुणे गेल्यावर कुटुंबाने, कपबशा उचलता उचलता, "एवढा खटाटोप करण्यापरीस कूलरच्या ताट्या पाहायच्या होत्या," एवढेच उद्गार काढले. मी उपहास समजलो. तो उपहास नव्हता. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या ताट्यांवर बोअरचे जड पाणी दिवसरात्र झिरपते, पाणी वाऱ्याबरोबर उडून जाते, आणि त्यातले चुन्याचे व इतर क्षार काडीकाडीवर मागे राहतात. भिंगातून पाहिले तर हिमालयाची शिखरे! खिडकी माझीच, स्फटिक खरे, आणि खर्च शून्य.

ही छायाचित्रे मेजावर पसरलेली असताना आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाई मागे उभ्या राहिल्या. त्या वरोरा तालुक्यातल्या.

"हे त आमच्या माठाच्या बुडाले बी येते," त्या म्हणाल्या. "लय चांगलं दिसते नं फोटोत?"

आणि हसल्या. त्यांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. त्यांच्या थोरल्या मुलाचेही तसेच आहेत. त्या तालुक्यातील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले की वाढत्या वयातील मुलांचे दात डागाळतात, फार वर्षे फार प्रमाणात पोटात गेले की हाडे आखडतात, हे मला वाचून माहीत होते. ते ठाऊक असलेल्या मनुष्याने त्याच जमिनीतल्या पाण्याच्या क्षारांना हिमालय म्हणून चौकट करायला निघावे, याची चीड मला त्या क्षणी आली, आणि ती कोणावर काढावी हे कळेना. मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, की फ्लोराइड या पांढऱ्या थरात डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी पाणी प्रयोगशाळेत तपासावे लागते, फोटोत ते यायचे नाही.

"फोटोत नाही दिसत त दातात दिसते नं, काकाजी."

मग त्यांनीच विचारले, की मी कचेरीत होतो, तर ग्रामसभेत द्यायला एक अर्ज लिहून देईन का. लेखणी हाती येताच माझ्यातला हेड कारकून जागा झाला. 'विनंती अर्ज ऐसाजे' पासून आरंभ करून, पाण्याचा पूर्वेतिहास, भूस्तरांचे वर्णन, केप्लरचा ओझरता उल्लेख आणि सोबत जोडलेल्या छायाचित्राची कलात्मक मीमांसा असा दोन फुलस्केप पानांचा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो भांडी विसळता विसळता शेवटपर्यंत ऐकला.

"इतकं कोन वाचन? हातपंपाचं पाणी तपासून द्या, अन् तवरीक दुसरं पाणी द्या. एवढंच लिवा."

एवढेच लिहिले. 'कृपावंत होऊन' हे दोन शब्द मात्र मी हट्टाने ठेवले, आणि छायाचित्र जोडण्याविषयी पुन्हा एकदा विचारून पाहिले.