सोळा हजारवाले अण्णा

डिफॉल्ट या शब्दावर अण्णांचा जुना राग. "ज्यांना स्वतःचं मत नाही, त्यांची सोय!" थाळी मागवली तरी आमटी बदलून आणायला सांगतात. ऑफिसचे सर्व्हर त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे हा बाणा ओपनएसएसएच या लॉगिनच्या प्रोग्रामच्या किल्ल्यांपर्यंत पोचला.

२०१९ साली त्या प्रोग्रामने आरएसए किल्लीची ठरीव लांबी २०४८ बिटांवरून ३०७२ वर नेली. अण्णा नुसते हसले. ते केव्हाच १६३८४ वर जाऊन बसले होते. त्यापुढे प्रोग्रामच जाऊ देत नाही, म्हणून थांबले. अशी किल्ली घडायला टाकली की अण्णा चहा पिऊन येतात. लांबी दुप्पट झाली की सही करण्याचं काम साधारण आठपट होतं. लॉगिनलाही ही सही लागते, त्यामुळे तिथेही यंत्र जरा अडखळतं. "विचार करतंय," अण्णा कौतुकाने सांगतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ९.५ ही आवृत्ती आली आणि न मागता मिळणारी किल्लीच बदलली. आरएसए गेली, ईडी२५५१९ आली. अवघे २५६ बिट! अण्णांची सार्वजनिक किल्ली पडदाभर पसरते, हिची ओळभरात संपते. मी चाचरत म्हणालो, "अण्णा, हिचं गणित वेगळं. एवढीशी दिसते, पण ३०७२ च्या आरएसएला भारी नसली तरी तोडीस तोड आहे."

"अरे, कुलूप दाराला लावायचंय की डब्याला?"

शेवटी वरून हुकूम आला, नवीच किल्ली वापरा. अण्णांनी ईडी२५५१९ लिहिलं आणि पुढे ठसक्यात आकडा ठोकला, १६३८४. चहाचं नाव काढायच्या आत किल्ली तयार.

"बघ! हिलाही सोळा हजार करता येतात. आणि चपळ किती!"

या किल्लीची लांबी बदलतच नाही. बिटांचा आकडा दिला तर प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्याने सोडून देतो. किल्लीसोबत उमटलेल्या नक्षीच्या चौकटीवर २५६ स्पष्ट छापलं होतं, पण अण्णांचं बोट नेमकं त्यावरच टेकलेलं.

आम्ही कोणी बोललो नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वेटरही बोलत नाही. "बदलून आणतो" म्हणत वाटी आत नेतो आणि तीच आमटी गरम करून आणतो. अण्णा भुरका मारतात, "आता कशी झाली!"